‘कोणी सांगितलं’ नावाचा रकाना

आमच्या शाळेत रोज सव्वाअकराला एक प्रश्न यायचा. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी रिकामी परात कमरेला लावून वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "गुरुजी, आज किती घालू?"

हजेरी सत्तावीस असली तर तांदूळ दोन किलो सातशे ग्रॅम. एकोणीस असली तर एक किलो नऊशे. हे तोंडी जमायचं. पण त्याच प्रमाणात डाळ, तेल, मीठ, हळद, आणि महिन्याच्या शेवटी वहीत जेवढं धान्य उरलेलं दिसायचं तेवढं गोणीत कधीच नसायचं. तालुक्यातले सगळे गुरुजी महिनाअखेरीला वहीतला तांदूळ गोणीतल्या तांदळाशी जुळवत बसायचे. हे काम आम्ही शिकवण्यापेक्षा जास्त गांभीर्याने करत होतो, कारण शिकवण्याची तपासणी क्वचितच व्हायची.

शाळा राधानगरीच्या पुढे, धरणाच्या वरच्या अंगाला. चार इयत्ता, दोन खोल्या, दोन शिक्षक. एक मी आणि दुसरा माझा जोडीदार. दोन शिक्षकांच्या शाळेत दुसऱ्याला जोडीदारच म्हणतात. आम्ही दोघं कोल्हापुरात राहायचो, एकाच दिवशी नोकरीवर रुजू झालो होतो, आणि अकरा वर्षं एकाच मोटरसायकलवरून जाऊन येऊन करत होतो. एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी. जायला दीड तास, यायला पावणेदोन. पावसाळ्यात देवाच्या मर्जीने.

शाळेला देणगीत मिळालेला एक संगणक दोन वर्षं टॉवेलाखाली झाकून ठेवलेला होता. देणगीदारांचं नाव मात्र पडद्याखाली ऑइलपेंटने लिहिलं होतं, टॉवेल काढल्याशिवाय तपासणीत ते दिसायचं नाही, म्हणून वर्षातून दोनदा आम्ही टॉवेल काढायचो. एका पावसाळ्यात, हजेरी चारवर आली असताना, मी तो कायमचा काढला आणि तांदळाचं शीट केलं. पिवळ्या चौकटीत हजेरी टाकायची. बाकी पांढऱ्या चौकटींना हात लावायचा नाही, त्यांत सूत्रं होती. तांदूळ, डाळ, तेल, आजची शिल्लक, महिनाअखेरची शिल्लक, आणि गोणी किती दिवस पुरेल, सगळं आपोआप. शनिवारी अर्धी शाळा असली तर त्याचं वेगळं ‘जर-तर’. मावशींनी पहिल्या दिवशी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग गुरुजी, आता तुमी काय करनार?"

शीट मी तालुक्याच्या ग्रुपवर टाकलं. चार दिवसांत ते कुठल्या कुठे पोचलं. मग सहलीचं शीट झालं, पाठ्यपुस्तकांच्या वाटपाचं झालं, गुणपत्रिकेचं झालं. ‘गुरुजी, खाली एरर येतंय’ असे फोन यायला लागले. दहातल्या नऊ वेळा माणसाने पांढऱ्या चौकटीत हाताने आकडा टाकलेला असायचा. सूत्र पुसलं जायचं, त्या जागी त्याला हवा तो आकडा कायमचा बसायचा, आणि मग तो मला विचारायचा की शीट खोटं का बोलतंय. मी फोनवर एकच वाक्य म्हणायचो: "जिथं मोजायचं तिथं ठोकून द्यायचं नाही."

हे वाक्य मला फार आवडायचं. आता लिहिताना हात आखडतो.

त्याच वर्षी माझा ‘तंत्रस्नेही शिक्षक’ म्हणून सत्कार झाला. तंत्राशी स्नेह असलेला, असा त्याचा अर्थ. मला तंत्राविषयी स्नेह वगैरे काही नव्हता, तांदळाविषयी वैताग होता, पण वैतागाला स्मृतिचिन्ह मिळत नाही. कार्यक्रमाला माझ्या डोक्यावर फेटा बांधला. बांधणाऱ्याने तो आधी पाहुण्यांच्या मापाने बांधून ठेवलेला असावा, कारण तो माझ्या भुवयांवर येऊन थांबला. प्रमुख पाहुण्यांनी चाळीस मिनिटं भाषण केलं. त्यात त्यांनी ‘एक्सेल’ हा शब्द सात वेळा उच्चारला आणि प्रत्येक वेळी शेजाऱ्याकडे बघून खात्री करून घेतली. जोडीदार पहिल्या रांगेत बसून फोटो काढत होता. येताना गाडीवर तो म्हणाला, "मर्दा, फेट्यात तू लई बारका दिसतोस. पन शीट तुझं येक नंबर हाय." मला ते सगळ्या भाषणांपेक्षा खरं वाटलं होतं.

त्यानंतरच्या वर्षी आण्णांना झटका आला. आण्णा म्हणजे माझे वडील. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत त्यांनी सदतीस वर्षं लाकडी पॅटर्न केले. ज्या वस्तूचं ओतीव लोखंड हवं तिचा लाकडात केलेला नमुना. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना थोडा मोठा करायचा असतो. त्यासाठी त्यांच्याकडे एक पोलादी पट्टी होती, जिच्यावरचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा जरासा मोठा होता. लहानपणी मी विचारलं होतं, "किती मोठा करायचा ते कसं कळतं?" ते म्हणाले होते, "लोखंडाला इचारायचं. ओतून बघायचं, मोजायचं. आपल्या मनानं काय न्हाय."

झटक्याने त्यांची डावी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण थोडं. ते अंगाने थोराड, आणि आई चाळीस किलोची. सकाळी मी त्यांना उठवून, सगळं आटोपून, खुर्चीत बसवून निघायचो. पुन्हा त्यांना उठवून मोरीपर्यंत न्यायला दुसरं माणूस लागायचं, आणि ते माणूस मी होतो. बायको इचलकरंजीला नोकरीला, ती माझ्याही नंतर पोचायची. पाचला शाळा सुटून घरी यायला मला पावणेसात व्हायचे. तोपर्यंत आण्णा पाणी प्यायचे नाहीत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. दुपारचा भरून ठेवलेला तांब्या तसाच दिसायचा, त्यावरून कळायचं. मी दारात आलो की ते विचारायचे, "किती वाजलं?" घड्याळ त्यांच्या समोरच्या भिंतीवर होतं.

शिरोलीतली एक शाळा आमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. पाचला सुटलो तर साडेपाचच्या आत घरी. सव्वा तासाचा फरक. मला बदलीतून एवढाच सव्वा तास हवा होता.

आमच्याकडच्या बदल्यांची रीत थोडक्यात अशी. अवघड भागात ठरावीक वर्षं काढलेल्यांना शाळा मागता येते. प्रत्येकाने पसंतीक्रमाने शाळा भरायच्या. ज्याची रुजू तारीख आधीची त्याला आधी. तारीख एकच असेल तर ज्याचं वय जास्त त्याला आधी. एकजण हलला की त्याची जागा मोकळी, तिथे दुसरा, त्याच्या जागी तिसरा. कोण काय मागतंय हे कोणालाच माहीत नसतं, आणि म्हणून महिनाभर तालुक्यातला प्रत्येक शिक्षक दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधत चहा पीत असतो.

मी त्याचं शीट केलं. नाव, रुजू तारीख, जन्मतारीख, सध्याची शाळा, पसंतीक्रम. पुढे सूत्रं: कोण कुठे जाईल, कोणाची जागा मोकळी होईल, तिथे कोण येईल. साठेक जणांनी मला आपापले पसंतीक्रम कळवले. मी प्रत्येकाला शब्द दिला की शीट कोणाला दाखवणार नाही, फक्त ज्याचं त्याला उत्तर सांगेन. आणि मला ज्याचा अभिमान होता असा एक रकाना शेवटी घातला: ‘कोणी सांगितलं’. ऐकीव माहिती आत येऊ नये म्हणून. त्यात प्रत्येक ओळीपुढे लिहिलेलं असायचं – स्वतः, फोनवर. स्वतः, लेखी. स्वतः, घरी येऊन. रकाना रिकामा असेल तर सूत्र ती ओळ मोजायचंच नाही.

शिरोलीच्या त्या शाळेत सरकारी यादीप्रमाणे जागा नव्हती. पण तिथल्या एका बाईंनी मला फोन करून सांगितलं होतं की त्या कर्नाटक हद्दीकडची त्यांच्या सासरची शाळा मागणार आहेत. मी त्यांचा पसंतीक्रम टाकला आणि शीटने उत्तर दिलं: बाई जाणार, जागा मोकळी होणार, आणि तिथे मी येणार. ती ओळ मी हिरवी केली. माझ्या एकट्याच्या ओळीला मी रंग दिला होता, एवढा अप्पलपोटेपणा मी कबूल करतो.

शीट मी कोणाला दाखवणार नव्हतो. जोडीदाराला दाखवलं. तो ‘कोणी’ नव्हता.

येताना एका चहाच्या टपरीवर आम्ही थांबलो होतो. त्याने मोबाइल हातात घेतला आणि बोटाने वर-खाली करत राहिला.

"माझं काय दाखवतंय?"

"मुरगूड. पहिलाच पसंतीक्रम."

"आन तुझं?"

"शिरोली."

"तितं जागा कुटं हाय?"

"होणार आहे. तिथल्या बाई निघाल्यात."

त्याने कप खाली ठेवला. "हे बाईंनी सोता सांगितलंय? का कुनाच्या तोंडचं?"

मी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "स्वतः, फोनवर."

"मग पक्कं," तो म्हणाला. "आण्णांस्नी बरं हुईल, मर्दा." चहा त्याने पाजला.

मुरगूडला त्याचं शेत होतं. अकरा वर्षं मी त्याच्या मागे बसून किंवा त्याला मागे बसवून त्या शेतातल्या उसाविषयी ऐकत आलो होतो. "रिटायर व्हायच्या आत मुरगुडात येक शाळा घावली पायजे, शेतावर नजर राहती," हे तो इतक्या वेळा म्हणाला होता की फोंड्याच्या घाटाकडून येणाऱ्या वाऱ्याने ते अर्धवट नेलं तरी मला वाक्य पूर्ण करता यायचं.

ऑर्डर आली तो दिवस पावसाचा होता. शाळेत रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर यायची. तो इरलं घेतल्यासारखा डोक्यावर रेनकोट धरून कट्ट्यावर उभा होता. खाली उतरला तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता पाय पुसले. पायपुसण्यावर एवढा वेळ पाय पुसताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

"लागली यादी?" मी विचारलं.

"व्हय. मला शिरोली लागली."

मुलं पाढे म्हणत होती. मला वाटलं, तो गंमत करतोय.

"आणि मला?"

"तुझी हितंच. मूळ शाळा."

"तू मुरगूड मागणार होतास."

"मी कवा म्हनलो मागनार?"

"अकरा वर्षं म्हणतोयस!"

"आवडतंय म्हनलोतो. शेत हाय म्हनलोतो. पोरगीचं क्लास कोल्हापुरात, घर कोल्हापुरात, मी मुरगुडात जाऊन काय उसाला पाढं शिकवू?"

"मग मला सांगायचं होतंस."

"तू इचारलंस कवा?"

मी म्हणालो, "आण्णांचं तुला माहीत होतं."

तो म्हणाला, "परत्येकाच्या घरात काय तरी असतंय. यादी तारखेनं लागती, मर्दा, दुखन्यानं न्हाय. मी तुज्यापेक्षा चार म्हयन्यांनी मोठा हाय, ह्यात माझी काय चूक?" आणि नंतर, जणू मला बरं वाटावं म्हणून, "आन तुज्या शीटानंच दावलं की, जागा मोकळी हुतीया. न्हायतर मला काय सपान पडलंतं?"

हे त्याने कौतुकाच्याच सुरात सांगितलं, हे मला आजही पचत नाही.

तो आठवडा त्याच्या गाडीचा होता. राधानगरीकडून संध्याकाळी कोल्हापूरला यायला दुसरी सोय वेळेवर मिळाली असती तर मी घेतली असती, पण घरी आण्णा खुर्चीत होते. म्हणून ज्याच्यामुळे माझा सव्वा तास गेला त्याच्याच मागे मी पावणेदोन तास बसलो. एरवी मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचो. त्या दिवशी मागच्या कॅरिअरची सळई धरली. तो नेहमीसारखाच प्रत्येक खड्ड्याआधी मान वळवून म्हणत होता, "खड्डा हाय, धर." अकरा वर्षांत त्याने मला कधी पाडलं नाही. त्या दिवशीही फार सांभाळून चालवली.

आण्णांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. उठवताना, त्यांचं वजन खांद्यावर असतानाच सांगितलं, म्हणजे त्यांचं तोंड दिसणार नाही. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "त्याला इचारलंवतंस का?"

"न्हाय."

"मग," ते म्हणाले.

एवढंच. एका दिवसात दोनदा माझ्या बाजूचं कोणीतरी पलीकडे सरकलं असं मला वाटलं, आणि दुसरा तर माझ्या खांद्यावर टेकलेला होता.

मी शीट उघडलं. सरकारी यादीशी एकेक ओळ ताडून बघितली. साठेक माणसांपैकी दोघं सोडून सगळ्यांचं बरोबर आलं होतं. ग्रुपवर लोक धन्यवाद देत होते, ‘गुरुजी, तुमचं शीट म्हणजे सरकारी ऑर्डरच’ असं एका बाईंनी लिहिलं होतं. चुकलेली दोघं म्हणजे आम्ही. त्याची ओळ मी उजवीकडे सरकवत शेवटच्या रकान्यापर्यंत नेली. तिथे माझ्या हाताने लिहिलेलं होतं: ‘माहीतच आहे’.

रकाना रिकामा असेल तर ओळ मोजू नये अशी व्यवस्था मी केली होती. रकाना भरलेला आहे, पण त्यात काहीच नाही, हे ओळखण्याची व्यवस्था केली नव्हती. साठ माणसांना मी फोन करकरून विचारलं होतं. रोज तीन तास ज्याच्या अंगाला अंग लावून बसत होतो त्याला विचारायचं मला सुचलं नाही. विचारलं असतं तर त्याला अपमान वाटला असता, असं मला वाटलं होतं.

मी त्याच्या चौकटीत मुरगूड पुसून शिरोली टाकलं. पापणी लवायच्या आत माझी हिरवी ओळ उत्तर बदलून ‘मूळ शाळा’ म्हणायला लागली. सूत्र बरोबर होतं. माझ्या शीटने मला चार आठवडे आधी सांगितलं असतं. मी ज्यांना फोनवर शहाणपण शिकवायचो त्या प्रत्येकाप्रमाणे मीही मोजायच्या जागी ठोकून दिलं होतं.

असं म्हटलं की चूक माझी होते आणि प्रकरण मिटतं. पण ते तसं मिटत नाही. माझी चूक ही माझी चूक. त्या टपरीवर मोबाइल हातात घेऊन बाईंचं पक्कं आहे का ते त्याने विचारून घेतलं, स्वतःच्या ओळीत चुकीची शाळा लिहिलेली डोळ्यांनी वाचली, आणि चहाचे पैसे दिले, ही माझी चूक नाही.

जोडीदाराचा निरोप समारंभ झाला. दोन शिक्षकांच्या शाळेत एकाचा निरोप असला की अध्यक्ष, सूत्रसंचालक आणि आभार मानणारा दुसराच असतो. गावाने शाल दिली, मावशींनी शिरा केला, आणि मी ‘आदर्श सहकारी’ या विषयावर आठ मिनिटं बोललो. मुलं रडली. पहिलीतल्या एकीने त्याच्या पायाला मिठी मारली. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "भाषन चांगलं केलंस." मी म्हणालो, "पाठ होतं." त्याच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. चारी इयत्ता माझ्याकडे आहेत, त्यामुळे मिनिटभरही लवकर निघता येत नाही.

आमच्या घराच्या खाली पिठाची गिरणी आहे. पुढच्या रविवारी मी गिरणीवाल्यांकडे गेलो. पंधरा वर्षांची ओळख, पण उंबऱ्यावर उभं राहून काही मागायची वेळ कधी आली नव्हती. गिरणी चालू होती, त्यामुळे मला ओरडून विचारावं लागलं. "रोज साडेपाचला पाच मिनिटं वर याल का? आण्णांना उठवायला?"

त्यांनी पट्टा बंद केला. "काय म्हनला?"

मी पुन्हा म्हणालो. आता शांततेत म्हणावं लागलं, ते जास्त अवघड होतं.

"एवढंच व्हय?" ते म्हणाले. "येतो की. पंधरा वर्सं आमी खाली हाय, आन तुमी आज इचारताय?"

नंतर दोनेक महिन्यांनी जोडीदाराचा मेसेज आला. ऑर्डरीनंतरचा पहिलाच. ‘पोषण आहाराचं शीट पाठव की. हितं पट तीनशेचा हाय, वहीवर जमंना.’ मी पाठवलं. तीनशे पोरांच्या भाताशी माझं भांडण नव्हतं. पूर्वी मी त्याच्या शाळेचं नाव, पट, सुट्ट्या सगळं भरून पाठवलं असतं. या वेळी पिवळ्या चौकटी रिकाम्या ठेवल्या.

आणि गेल्या आठवड्यात ग्रुपवर फोटो आला. शिरोलीच्या शाळेत त्याचा सत्कार. डोक्यावर फेटा, हातात संगणकाचं चित्र असलेलं स्मृतिचिन्ह, मागे फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेलं: ‘तंत्रस्नेही शिक्षक – पोषण आहार नियोजन प्रणाली’. तांदळाच्या शीटचं ते नाव मला आवडलं; मला सुचलं नसतं. फेटा त्याला चांगला बसला होता. फोटोखाली टाळ्यांचे पन्नासेक हात होते. पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर उभं राहून मीही एक टाळी टाकली. ती मी टाकली असं म्हणणं बरोबर नाही. अभिनंदनाचा फोटो दिसला की अंगठा आपला आपण जातो. नंतर काढून टाकता आली असती. काढली नाही, कारण तो ‘हा मेसेज डिलीट केला’ असं वाचत बसला असता आणि त्याला उगाच वाटलं असतं की मी अजून त्याच्याबद्दल विचार करतो.

पाच वाजले होते. मुलं गेली, कुलूप लावलं. हल्ली रोज माझीच गाडी असते. खड्डे मला एकट्याला माहीत करून घ्यावे लागतात. अकरा वर्षांतले निम्मे आठवडे ते त्यानेच सांगितले होते, हे आता कळतं.

घरी पोचलो तेव्हा पावणेसात झाले होते. आण्णा धुतलेल्या तोंडाने खुर्चीत बसले होते. सदऱ्याच्या दोन्ही बगलांपाशी पिठाचे पांढरे पंजे उठले होते, गिरणीवाल्यांनी धरून उठवलं होतं तिथे. तांब्या अर्धा रिकामा होता.

"किती वाजलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं आणि त्यांच्या सदऱ्यावरचं पीठ झटकायला लागलो. त्यांनी उजव्या हाताने माझा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "उद्या परत येनारच हाय तो."